तांडा रिकामा असताना झालेले सर्वेक्षण

मराठवाड्यातील महाविद्यालयांची श्रमसंस्कार शिबिरे बहुधा डिसेंबर-जानेवारीत होतात. पहिल्या सत्राच्या परीक्षा आटोपलेल्या असतात, हवा बरी असते आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांची झोपण्याची सोय होते. वैद्यकीय महाविद्यालयांच्या गावभेटीही याच महिन्यांत उरकल्या जातात. अडचण एवढीच की बीड, धाराशिव, जालना, परभणी, नांदेड या जिल्ह्यांतील ज्या वाड्या-तांड्यांची आरोग्यस्थिती जाणून घ्यायला आपण जातो, तेथील हातीपायी धड असलेली माणसे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेली असतात आणि कारखान्यांचा पट्टा पडल्याशिवाय, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, परतत नाहीत. मागे राहतात ती म्हातारी माणसे, शाळेची मुले आणि ज्यांना फडावर नेणे शक्य नाही असे आजारी. आपले विद्यार्थी त्यांचाच रक्तदाब मोजतात, त्यांचेच हिमोग्लोबिन तपासतात आणि त्यावरून गावाचा अहवाल तयार होतो. वीस ते पंचेचाळीस वयाची स्त्री त्या अहवालात जवळजवळ नसतेच, आणि या भागातील आरोग्याच्या विषमतेचा सर्वांत मोठा भार तर तिच्याच अंगावर असतो.

मी एका वैद्यकीय महाविद्यालयात जनऔषधवैद्यकशास्त्र शिकवते. रोगप्रतिबंध आणि समाजाचे आरोग्य यांचा हा विषय; विद्यार्थी त्याला ‘पीएसएम’ म्हणतात आणि तो परीक्षेपुरता वाचायचा असतो, असे त्यांचे प्रामाणिक मत असते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२१-२२ च्या तुकडीपासून ‘कुटुंब दत्तक कार्यक्रम’ लागू केल्यामुळे मात्र प्रत्येक विद्यार्थ्याला किमान तीन कुटुंबांशी शिक्षणकाळात संबंध ठेवावा लागतो. लातूरच्या शिकवणी वर्गांतून थेट आमच्याकडे आलेली मुले-मुली त्यामुळे पहिल्याच वर्षी एखाद्या तांड्यावर बंजारा समाजाचे संत सेवालाल महाराज यांच्या मंदिरासमोर वही घेऊन उभी राहतात. कल्पना चांगली आहे आणि मी तिच्या बाजूची आहे. परंतु ज्याला आपण कागदावर विद्यापीठ आणि समाज यांची भागीदारी म्हणतो, तिच्यात वेळापत्रक विद्यापीठाचे, प्रश्नावली विद्यापीठाची, पैसा विद्यापीठाच्या खात्यात आणि निष्कर्षही विद्यापीठाचेच असतील, तर गावाच्या वाट्याला केवळ उत्तरे देणे उरते. हे थोडे सविस्तर मांडावे म्हणून हा लेख.

या विषयावरील बरेचसे लेखन अमेरिकेतले आहे, कारण तेथे वंशानुसार आरोग्याची आकडेवारी दीर्घकाळ ठेवली गेली आणि ती लपवणे अवघड झाले. १९८५ साली तेथील आरोग्यमंत्री मार्गारेट हेकलर यांनी नेमलेल्या कार्यदलाने असे दाखवले की कृष्णवर्णीय व अन्य अल्पसंख्य समूहांचा मृत्युदर गोऱ्यांइतकाच असता, तर वर्षाला सुमारे ६०,००० मृत्यू झाले नसते. १९९९ मध्ये तेथील रोग नियंत्रण केंद्राने ‘रीच’ हा कार्यक्रम सुरू केला आणि स्थानिक संस्था, आरोग्य विभाग व विद्यापीठे यांच्या आघाड्यांना निधी देण्यास आरंभ केला. आपल्याकडील जात म्हणजे तेथील वंश नव्हे. जातींचा उगम वंशभेदात शोधणारा सिद्धांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतःच खोडून काढला होता. तरीही याच बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या निवेदनाच्या प्रती मागवल्या होत्या. दोन व्यवस्था एक नसल्या तरी एकीकडून दुसरीने शिकण्यासारखे असते, एवढे त्या पत्रावरून मला पुरेसे वाटते.

आकडेवारीच्या बाबतीत आपली स्थिती अधिक बिकट आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे दोन कोटी लोकांच्या माहितीवरून असे दिसले की उच्चवर्णीय हिंदूंच्या तुलनेत आदिवासींचे सरासरी आयुर्मान चार वर्षांहून अधिक आणि दलितांचे तीन वर्षांहून अधिक कमी आहे, आणि हा फरक केवळ गरिबीने स्पष्ट होत नाही. परंतु तो अभ्यास नऊ राज्यांचा होता आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. शिवाय राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या तक्त्यांत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग आणि उर्वरित एवढेच रकाने असतात. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडतो आणि सीमा ओलांडून तेलंगणात गेले की तोच समाज लंबाडा या नावाने अनुसूचित जमातींत येतो. मुखेडच्या तांड्यावरील याडीचे, म्हणजे बंजारा आईचे, रक्त किती कमी आहे, हे त्यामुळे कोणत्याही राष्ट्रीय तक्त्यात वेगळे दिसत नाही. ज्या विद्यापीठाच्या अंगणात ती राहते, त्याने ते मोजले नाही तर दुसरे कोणी मोजणार नाही. असे असताना आपण मोजायला निघतो ते ती फडावर गेल्यानंतर.

भागीदारी ही आपोआपच चांगली गोष्ट असते, असा एक भाबडा समज आमच्या क्षेत्रात आहे. टस्कगीचा इतिहास नीट वाचला तर हा समज टिकत नाही. १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने अलाबामा राज्यातील सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर उपदंशाचा अभ्यास चालवला. त्यांपैकी ३९९ जणांना हा रोग होता आणि १९४७ च्या सुमारास पेनिसिलिन हा मान्य उपचार झाल्यावरही त्यांना ते दिले गेले नाही. ही कथा सर्वांना ठाऊक असते. कमी लोकांच्या ध्यानात येते ते हे की त्या अभ्यासाला स्थानिक भागीदार होता आणि तो म्हणजे टस्कगी इन्स्टिट्यूट ही कृष्णवर्णीयांचीच नामांकित शिक्षणसंस्था. युनिस रिव्हर्स या कृष्णवर्णीय परिचारिकेवर लोकांचा पूर्ण विश्वास होता. ती त्यांना गाडीतून तपासणीला नेत असे. गरम जेवण आणि अंत्यविधीचा खर्च अशी आमिषेही होती. विश्वास स्थानिक माणसाचा होता आणि निर्णय वॉशिंग्टनमधील अधिकाऱ्यांचे होते. आपल्याकडे सर्वेक्षणाच्या दिवशी आशाताईला फोन करून ‘पन्नास बायका गोळा करून ठेवा’ असे सांगितले जाते, तेव्हा मला हे आठवते. दोन्हींतील क्रौर्य सारखे नाही, हे उघड आहे. परंतु वर्षानुवर्षे लसीकरण, बाळंतपणे आणि रात्री-अपरात्रीच्या फेऱ्या यांतून आशाताईने मिळवलेली पत आपण एका दुपारीत वापरतो आणि प्रबंधात तिचे नाव आभाराच्या पानावरही नसते.

उलट बाजूचे उदाहरणही त्याच देशातले आहे आणि ते मला फार मोलाचे वाटते. मिसिसिपी राज्यातील माउंड बायू हे गाव १८८७ मध्ये गुलामीतून मुक्त झालेल्या माणसांनी वसवले. १९६० च्या दशकात बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठातील डॉ. जॅक गायगर यांनी केंद्र सरकारच्या दारिद्र्यनिर्मूलन निधीतून तेथे आरोग्य केंद्र उभे करण्याचे ठरवले. पण इमारतीआधी तेथे पोचले ते जॉन हॅच हे संघटक. त्यांनी घरोघरी आणि चर्चमध्ये बैठका घेतल्या आणि लोकांनी सांगितले की आम्हांला आधी अन्न हवे, पाणी हवे, काम हवे. कापूस वेचणीची यंत्रे आल्यामुळे तेथील शेतमजूर बेकार झाले होते आणि लेकरे उपाशी होती. तेव्हा केंद्राचे डॉक्टर औषधाच्या चिठ्ठीवर दूध, भाजी, मांस लिहून देऊ लागले. ती चिठ्ठी गावातील किराणा दुकानात चालत असे आणि बिल केंद्राच्या औषधखात्यात जमा होई. सरकारी पातळीवरून हरकत आली तेव्हा गायगर यांनी उत्तर दिले की कुपोषणावरचा उपचार अन्न आहे, असे आमच्या पाठ्यपुस्तकात लिहिले आहे. त्यातूनच पुढे शेतकऱ्यांची सहकारी संस्था उभी राहिली, विहिरी खोदल्या गेल्या, संडास बांधले गेले आणि केंद्राचा कारभारही कालांतराने स्थानिकांच्या मंडळाकडे गेला. गायगर हे शिकले होते कोठे, तर दक्षिण आफ्रिकेतील फोलेला येथे, सिडनी व एमिली कार्क या डॉक्टर दांपत्याने झुलू वस्त्यांत १९४० च्या दशकात चालवलेल्या केंद्रात. म्हणजे बॉस्टनच्या विद्यापीठाने हे ज्ञान आफ्रिकेतील खेड्यातून घेतले होते. माउंड बायूच्या केंद्राच्याच काळात अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर पक्षाने आपल्या शाखांतून मोफत दवाखाने चालवले आणि १९७१ मध्ये सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या तपासणीची मोहीम हाती घेतली. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली आणि मराठवाड्याने तर नामांतराच्या लढ्यात तिला डोक्यावर घेतले. त्या मूळ चळवळीच्या दवाखान्यांची माहिती मात्र आपल्याकडे फारशी कोणाला नसते. किनवट-माहूर पट्ट्यात गोंड, प्रधान, कोलाम यांच्या वस्त्या आहेत आणि सिकलसेल तेथेही आहे, म्हणून हे येथे नोंदवून ठेवते.

आपल्या अंगणातही उदाहरणे कमी नाहीत. जामखेड हे नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात असले तरी बीडच्या सीमेवरच आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तेथे काम सुरू केले, निरक्षर स्त्रियांना ग्राम आरोग्य सेविका म्हणून घडवले, आणि त्यांत दलित स्त्रियाही मोठ्या संख्येने होत्या. आरोळे दांपत्य वेल्लोरला आणि पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे शिकले होते, पण ते ज्ञान त्यांनी तांब्याभर पाणीही वेगवेगळ्या हातांनी घेतले जाणाऱ्या गावांत आणून तपासून पाहिले. तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथील हॅलो मेडिकल फाउंडेशनचे मूळ औरंगाबादच्या वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या एका गटात आहे, डॉ. शशिकांत अहंकारी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे ‘भारतवैद्य’ म्हणून गावातील स्त्रियांना तयार केले. तुळजापूरलाच टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे ग्रामीण परिसर केंद्र १९८० च्या दशकापासून आहे. आणि २००७ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात लोकाधारित देखरेखीची प्रक्रिया महाराष्ट्रातील ज्या पहिल्या पाच जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा होता. गावसमित्या आपल्या उपकेंद्राला हिरवा, पिवळा किंवा लाल शेरा देत आणि जनसुनवाईत वैद्यकीय अधिकाऱ्यांना सर्वांसमोर उत्तर द्यावे लागे. माझ्या हाती असते तर मी तिसऱ्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला अशा एका जनसुनवाईत मागच्या रांगेत बसवले असते; डॉक्टराला प्रश्न विचारता येतो, हे त्याने वेळीच पाहिलेले बरे.

प्रश्न कोणी ठरवायचा, हे गर्भपिशवीच्या शस्त्रक्रियांइतके स्पष्ट दुसऱ्या कशातही दिसत नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातील सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली, म्हणजे साधारण सहा जणींत एक, आणि बहुतेक शस्त्रक्रिया खासगी रुग्णालयांत झालेल्या होत्या. २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांमध्ये हे प्रमाण ३.२ टक्के होते. वयोगट नेमका तोच नसल्यामुळे तुलना ढोबळ आहे, पण तफावत ढोबळ नाही. त्यानंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. ते आवश्यकच होते.

परंतु आमच्यासारखे लोक या विषयाकडे वळतात तेव्हा पहिला प्रश्न असतो प्रमाण किती आणि ‘गैरसमज’ कोणते. फडावरील स्त्रीच्या दृष्टीने क्रम अगदी वेगळा आहे. नवरा-बायको मिळून मजुरीच्या हिशेबात एक कोयता आणि उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, दोघांच्या नावावर. एक दिवस खाडा झाला तर त्याचे पैसे कापले जातात. पहाटे काळोखात उठून मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून त्या ट्रॉलीत भरायच्या, कोपीला, म्हणजे फडावरच्या झोपडीला, न्हाणी नाही, संडास नाही, पाणी दुरून आणायचे, पाळीच्या दिवसांत कापड धुऊन वाळवायला आडोसा नाही. अशा स्थितीत अंगावरून पांढरे जाऊ लागले की ते थांबत नाही. गावाकडच्या डॉक्टराने ‘पिशवी खराब आहे, पुढे कॅन्सर होईल’ असे सांगितले की दोन लेकरे झालेली बाई हिशेब करते आणि पुढच्या उचलीतून ऑपरेशन करून घेते. हा हिशेब तिच्या परिस्थितीत अडाणीपणाचा नाही. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांच्या अभ्यासात १९८९ मध्ये दाखवून दिले होते की तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक आजार होते आणि त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. साध्या जंतुसंसर्गावर वेळीच गोळ्या मिळाल्या असत्या आणि कारखान्याने फडाजवळ पाण्याची टाकी दिली असती, तर किती पिशव्या वाचल्या असत्या, हा प्रश्न आम्ही फारसा विचारत नाही. पिशवी काढल्यानंतर, विशेषतः बीजकोशही काढले असतील तर, तिशी-पस्तिशीत पाळी जाण्याचे परिणाम सुरू होतात. कंबर धरते, अंगातून वाफा निघतात, मोळी उचलवत नाही आणि कोयता अर्धा होतो. तांड्यावरच्या बायका बोलू लागल्या की सर्वांत आधी हेच सांगतात. प्रश्नावली त्यांनी केली असती तर पहिला प्रश्न ऑपरेशननंतरच्या कामाचा असता आणि दुसरा बहुधा उचल देऊन टोळी नेणाऱ्या मुकादमाचा.

वेळापत्रकाचा प्रश्न त्यामानाने सोडवता येण्यासारखा आहे, आणि तो सुटत नाही याचेच मला आश्चर्य वाटते. लोक गावात असतात ते आषाढापासून दसऱ्यापर्यंत. कुटुंबभेटींचा मुख्य भाग तेव्हा ठेवावा. निघण्यापूर्वी हिमोग्लोबिन, रक्तदाब, गरोदरपणाची नोंद आणि स्त्रीरोग तपासणी व्हावी आणि तिची प्रत बाईच्या हातात असावी. पुढची गोष्ट विद्यापीठानेच करण्यासारखी आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे कार्यक्षेत्र संपूर्ण राज्य आहे. कुटुंब केज किंवा पाटोदा तालुक्यातून निघून कोल्हापूर-सांगलीच्या फडावर गेले, तरी ते त्याच विद्यापीठाच्या हद्दीत राहते. आंबाजोगाईच्या विद्यार्थ्याने जोडलेल्या कुटुंबाची हिवाळ्यातील भेट मिरजेच्या किंवा कोल्हापूरच्या विद्यार्थ्याने घेतली आणि दोघांनी मिळून एकच नोंदवही ठेवली, तर त्यासाठी नवा कायदा लागत नाही, नवी इमारत लागत नाही; दोन विभागप्रमुखांचे पत्र आणि विद्यापीठाचे एक परिपत्रक पुरते. बाळंतपण फडावर होणार की गावी, लेकराचा डोस कोठे द्यायचा, हे त्या नोंदवहीतून दोन्ही ठिकाणच्या आरोग्यसेविकांना कळू शकते.

फडावर जायचे तर कोणाच्या मध्यस्थीने, हाही विचार करावा लागतो. लॉस एंजेलिसमध्ये ५२ केशकर्तनालयांत झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तदाब वाढलेल्या ३१९ कृष्णवर्णीय पुरुषांपैकी ज्यांच्या ओळखीच्या नाभिकाकडेच फार्मासिस्ट येऊन औषध देत होता, त्यांचा वरचा रक्तदाब सहा महिन्यांत सरासरी २७ अंकांनी उतरला. ज्यांना नाभिकाने केवळ सल्ला देऊन डॉक्टरांकडे पाठवले, त्यांचा सुमारे ९ अंकांनी. आमच्या बैठकीत हा अभ्यास वाचला की कोणीतरी उत्साहाने म्हणते की मग आपण मुकादमाला हाताशी धरू. मला ते पटत नाही. नाभिक गिऱ्हाइकाच्या बरोबरीचा असतो. मुकादमाच्या हातात उचलीची चिठ्ठी असते. त्याच्यासमोर कोणती बाई पांढरे जाण्याविषयी बोलेल? टोळीतील जी बाई बाळंतपणाला हात लावते, जिच्याकडे सगळ्या कोप्या औषधाची गोळी मागायला येतात, तिला शोधावे, शिकवावे आणि तिला पैसे द्यावेत.

पैशापाशी मात्र सगळेच अडते. एका प्रकल्पात आम्ही तांड्यावरील स्त्रियांना माहिती गोळा करणाऱ्या सहकारी म्हणून नेमले होते. लेखा विभागाने विचारले की त्यांची शैक्षणिक अर्हता काय. अर्हता नसल्यामुळे मानधनाचे शीर्ष लागू होईना आणि शेवटी त्यांचे काम ‘चहापान व किरकोळ’ या शीर्षाखाली बसवले गेले. माहितीच्या मालकीचेही तसेच आहे. अमेरिकेतील हवासुपाई जमातीने मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून ॲरिझोना स्टेट विद्यापीठाला रक्त दिले. पुढे त्याच नमुन्यांवर स्किझोफ्रेनिया आणि जमातीचे मूळ यांविषयी संशोधन झाले, जमात न्यायालयात गेली आणि २०१० मध्ये विद्यापीठाला सात लाख डॉलर देऊन नमुने परत करावे लागले. आमच्या विभागातील कपाटांत किती गावांच्या संमतिपत्रांचे गठ्ठे आहेत आणि त्यांपैकी किती गावांच्या ग्रामसभेत निष्कर्ष वाचून दाखवले गेले, हा प्रश्न नीतिमत्ता समितीच्या अर्जात नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत समुदायाच्या सहभागाविषयी आणि लाभ वाटून घेण्याविषयी सविस्तर लिहिलेले असूनही.

या वर्षीच्या प्रस्तावात मी तीन गोष्टी घातल्या आहेत. प्रश्नावलीचा मसुदा छपाईला जाण्यापूर्वी तांड्याचे नायक-कारभारी आणि स्त्रियांची वेगळी बैठक यांच्यासमोर गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, वाचला जाईल आणि त्यांनी वगळलेले प्रश्न वगळले जातील. एकूण निधीचा ठरावीक हिस्सा ग्राम आरोग्य समितीच्या खात्यात थेट जमा होईल. आणि निष्कर्ष कोठेही प्रसिद्धीला देण्यापूर्वी भाद्रपदात, लोक गावात असताना, ग्रामसभेत मांडले जातील. दुसऱ्या मुद्द्यावर वित्त विभागाचा शेरा आला आहे की अशी तरतूद नियमात दिसत नाही. उत्तरादाखल मी जिल्हा परिषदेकडून त्या समितीला दरवर्षी मिळणाऱ्या अबंधित निधीचे परिपत्रक जोडून फाइल परत पाठवली आहे.